पाचवं पान

“कुंदा, पाय अजून थोडे पोटाशी घे. झाकण बसत नाहीये.”

बॅगेची चेन लागत नसावी इतक्या सहज दादा हे म्हणाला. मी पाय पोटाशी घेतले. नाक गुडघ्याला टेकलं आणि झाकण बसलं. वर वहिनीनं गादी सारखी केली, गादीवर त्यांची मुलं, राजस आणि मिथिला, जाऊन बसली. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी एका बाकड्याच्या पोटात, चादरी-उशांच्या जागी, सामान होऊन पडले.

बाहेरून मॅनेजरचा आवाज आला, “साहेब, समदं ठीक हाय न्हवं? चौघंच ना?”

“चौघंच, चौघंच!” दादा म्हणाला. “या ना आत, बघा.”

“बघायचं काय त्यात? तुमच्यासारख्या मान्सांचा इश्वास न्हाय ठेवायचा तर कुनाचा?”

आवाज लांब गेला, तरी दादानं मला आणखी पाच मिनिटं आत ठेवलं. सावध माणूस.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. भोरच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी कुणीतरी सुट्टीचं पार्क काढलं होतं. ओळीनं सहा कॅरॅव्हॅन उभ्या होत्या. चाकं असलेली, पण जागची कधी न हलणारी घरं. आत समोरासमोर दोन बाकडी, रात्री त्यांचेच पलंग व्हायचे. कोपऱ्यात शेगडी, आणि एकाच वेळी एकानंच उभं राहावं एवढी न्हाणी. पितृपंधरवड्यात माणसं शुभकार्य करत नाहीत तशी सहलीलाही निघत नाहीत, म्हणून त्या पंधरा दिवसांत दर निम्मे. ती जाहिरात दादानं कात्रीनं कापून महिनाभर पाकिटात जपून ठेवली होती.

“पितर काही वाटेत आडवे येत नाहीत,” तो म्हणाला. “आलेच तर निम्म्या दराचं ऐकून खूश होतील. आपलेच पितर आहेत.”

काटकसर हा दादाचा स्वभाव नव्हता, ती त्याची कला होती. कऱ्हाडहून निघताना आमच्या जुन्या व्हॅनमध्ये तांदूळ, बेसन, कांदे, पिण्याच्या पाण्याचा कॅन आणि गणपतीतल्या सत्यनारायणाच्या उरलेल्या पत्रावळी होत्या. भांडी घासायच्या पाण्याचे पैसे वेगळे पडतात, हे त्यानं फोनवर आधीच विचारून घेतलं होतं. अडचण एकच होती. एका कॅरॅव्हॅनमध्ये चारच माणसं. पाचव्याचे पैसे वेगळे, आणि न सांगता आणलं तर दुप्पट दंड आणि अनामत जप्त.

“वन्संना घरी ठेवून कसं जायचं?” वहिनी म्हणाली होती. तिथं स्वयंपाक कोण करणार हा त्यातला मुद्दा होताच, पण नुसता तोच नव्हता. शैलावहिनी मनानं वाईट नाही.

दादानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तोडगा काढला. “कुंदाचं काय एवढं? ती घरचीच आहे. तिला कुठं मोजायचं!”

हा शब्द मी कळायला लागल्यापासून ऐकत आले होते. जेवायला पाहुणे आले आणि खुर्च्या कमी पडल्या, की कुंदा घरचीच, ती मागून बसेल. साड्या वाटताना काठ फाटलेली निघाली, की कुंदाला द्या, ती घरचीच. आई सहा वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा बाई ठेवायचा विषय निघाला आणि त्याच शब्दानं मिटला. राग यावा असं कुणी काही बोलत नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती. घरचीच म्हटल्यावर माणूस तक्रार कुणाकडे करणार?

तर त्या शनिवारी दादानं मला अलीकडच्या फाट्यावर उतरवलं. चौघं रुबाबात फाटकातून आत गेली आणि मी करवंदीच्या जाळीतून, चपला हातात घेऊन, पाण्याच्या कडेकडेनं मागून आले.

माझ्या पर्समध्ये तेव्हा एक पत्र होतं. कणकवलीजवळच्या एका शाळेला मुलींच्या वसतिगृहासाठी अधीक्षिका हवी होती. दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून मी कोल्हापूरला मुलाखत देऊन आले होते. राहायला खोली, जेवण, पगार. पत्रात शेवटी लिहिलं होतं, ‘सोमवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हावे, अन्यथा पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल.’ दोन दिवसांच्या सहलीला मी चार साड्या कशाला घेतल्या, असं वहिनीनं विचारलं होतं. पावसाचं काही सांगता येत नाही, असं मी म्हणाले.

दादाला सांगायचं होतं. दादाला न सांगता जाण्याची माझी छाती नव्हती. शनिवारी संध्याकाळी पाण्याकाठी मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा तो म्हणाला, “थांब, आधी चहा टाक.” दुसऱ्यांदा मी “दादा, मला एक...” एवढं म्हणते तोच तो ओरडला, “मॅनेजर आला! आत हो!” आणि मी पुन्हा पेटीत गेले. त्या पेटीत फिनेलचा आणि ओल्या गादीचा वास यायचा. शेगडीची नळी बाहेर नेण्यासाठी पत्र्याला रुपयाएवढं भोक पाडलेलं होतं, नळी मात्र बसवलेलीच नव्हती. तेवढ्यातून मला समोरचा दगडी कट्टा आणि पाण्याचा एक तुकडा दिसे. माझी सहल ती एवढीच.

रविवारी दुपारी घोटाळा झाला.

मॅनेजर धुमाळ जेवायच्या वेळेला कधी येत नसे, म्हणून आम्ही बिनघोर होतो. कॅरॅव्हॅनच्या दाराशी ताडपत्रीची सावली होती, तिथं वहिनीनं सतरंजी घातली आणि पत्रावळी मांडल्या. पाच. हाताला सवय पाचाची. मी पिठलं, भात आणि मिरचीचा ठेचा केला होता आणि वाढूनही टाकलं होतं. भाताचं पातेलं ठेवायला मी आत वळले, तेवढ्यात धुमाळांचं खाकरणं अगदी जवळ ऐकू आलं. मी पातेल्यासकट आत शिरले, झाकण उचललं आणि स्वतःच स्वतःला आत ठेवून दिलं. दोन दिवसांत हात बसला होता.

“बसा, बसा, उठू नगा,” धुमाळ म्हणाले. “लाइट जानार हाय चारपत्तोर, तेवढं सांगाया आलो.” मग जरा थांबून, “साहेब, मानसं चार आन् पानं पाच?”

सगळी बोंब त्या एका पत्रावळीनं होणार होती.

पण दादा डोकेबाज. “पितृपक्ष आहे ना,” तो म्हणाला. “एक पान पितरांचं वाढतो आम्ही. घरची रीत आहे.”

“असं व्हय!” धुमाळांचा आवाज एकदम मऊ झाला. भोकातून मला दिसलं, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. “परगावी येऊनबी चुकवलं न्हाई म्हंजे लई झालं. आजची तिथी हाय? कुनाचं पान म्हनायचं हे?”

दादा ‘आईचं’ म्हणणार होता. म्हणालाच असता. पण मिथिला होती आठ वर्षांची. ‘चौघंच’ म्हणायचं, हे तिला शिकवलं होतं. पत्रावळीबद्दल कुणीच काही शिकवलं नव्हतं.

“ते आत्याचं पान आहे,” ती म्हणाली.

मग दादाचा आवाज आला, आणि तो मला अनोळखी वाटला. “हो. माझी बहीण. धाकटी.”

“आरं देवा. कधी गेल्या?”

“...गेल्या वर्षी.”

“अहो!” वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. “अहो, पुरे ना.” जिवंत माणसाच्या नावानं पान वाढणं म्हणजे काय, हे तिला कळत होतं. तिचं माहेर या बाबतीत फार कडक.

पण धुमाळ सतरंजीच्या कडेला टेकले होते. असल्या दुःखाच्या ठिकाणी नुसतं विचारून निघून जाणाऱ्यांतले ते नव्हते. “लगीन झालेलं का वो?”

“नाही,” दादा म्हणाला. “आईचं केलं तिनं. मग आमच्या पोरांचं केलं.”

“पुन्यवान बाई. अन् साहेब, पिठलं वाढलंय? खीर न्हाई, वडा न्हाई?”

“तिला पिठलं फार आवडायचं.”

मला पिठलं आवडत नाही. पिठलं दादाला आवडतं. मी पेटीत ओठ चावून पडले होते, पण हसू येत होतं, खरंच येत होतं. मेल्यावर माणसाला काय काय आवडायला लागतं!

“आनखी काय आवडायचं बाईस्नी?” धुमाळ म्हणाले. “गोडाचं कायतरी सांगा, आमच्या मंडळीला करायला लावतो. एवढं चालंल.”

दादा गप्प. वहिनी गप्प. इतका वेळ गप्प, की पाण्यावरची टिटवी ऐकू आली. ओरडून सांगावंसं वाटलं, शेवयांची खीर रे दादा, आणि भरपूर जायफळ. पण मी मेलेली होते.

“मला माहितीये,” मिथिला म्हणाली. तिला या खेळात आता गंमत येत होती. “आत्याला खरवड आवडते. भाताच्या तळाशी लागते ना, ती. आत्या रोज तीच खाते.”

माझं हसू तिथंच गेलं. पोरीनं काही खोटं सांगितलं नव्हतं. रोज सगळ्यांचं झालं की मी पातेलं पुढ्यात ओढायची, करपलेलं उलथन्यानं सोडवायची आणि ताक घालून खायची. आठ वर्षं ती समोर बसून बघत होती. आवडतं म्हणूनच कुणी खातं, असं लहान मुलाला वाटणारच. आताही ते पातेलं माझ्या पोटाशीच होतं, कोमट.

धुमाळ उठले. “पान भाइर ठिवू या, साहेब. कावळा शिवला म्हंजी पोचलं.” त्यांनी ती पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली आणि समोरच्या कट्ट्यावर ठेवली, माझ्या भोकापासून दहा हातांवर. मग दोन्ही मुलांना त्यांनी जवळ बोलावून घेतलं. सगळी हात जोडून उभी राहिली. दादाची पाठ मला दिसत होती. विजेच्या खांबावर दोन कावळे होते, एक ताडपत्रीच्या दांडीवर. कुणी हललं नाही.

“काव, काव,” धुमाळांनी हाक घातली. कावळ्यानं मान तिरकी केली, पत्रावळीकडे पाहिलं आणि पंख खाजवत बसला.

“इच्छा ऱ्हायलीय कायतरी,” धुमाळ हळूच म्हणाले. “बोला साहेब. कबूल करा. त्याबिगार न्हाई शिवायचा.”

“मुलं अभ्यास करतायत,” दादा म्हणाला. “काळजी करू नकोस.”

कावळा हलला नाही.

“आईचं वर्षश्राद्ध नीट झालं. सगळं ठीक आहे.”

नाही.

“तसं वरवरचं नगा बोलू,” धुमाळ म्हणाले. “बाईचा जीव कशात गुतला हुता? लग्नात का?”

वहिनी आता रडायला लागली होती. “अहो, सांगून टाका ना त्यांना. चार पैसे गेले तर जाऊ देत. हे बरं नाही, मला भीती वाटतेय.”

सांगून टाका म्हणजे मी पेटीत आहे हे सांगा, असं तिला म्हणायचं होतं. दादानं काय ऐकलं कोण जाणे. तो कट्ट्याच्या जवळ गेला. त्याचे खांदे उतरले. आणि दादा, ज्यानं आई गेली तेव्हाही डोळ्याला पाणी येऊ दिलं नव्हतं, तो त्या पिठल्याच्या पत्रावळीशी बोलायला लागला.

“कुंदा, चिपळूणच्या लोकांनी नाही म्हटलं नव्हतं. त्यांचं होकाराचं पत्र आलं होतं. नकार मी कळवला. आई नुकतीच पडली होती, शैलाची नोकरी नवी होती, राजस वर्षाचा. तुला सांगितलं, की तिकडून नकार आला. तू काही विचारलं नाहीस. तू विचारलं असतंस ना, तर मी... तू विचारायचं होतंस कुंदा.”

मी हलले नाही. हलायचं कसं तेच आठवेना.

चिपळूणचे जोशी. मुलगा शाळेत चित्रकला शिकवायचा. पाहायला आला तेव्हा त्याच्या बोटाला निळा रंग लागलेला होता आणि तो लपवायला तो बशी दोन्ही हातांत धरून बसला होता. मी सव्वीस वर्षांची होते. नकार आल्याचं कळल्यावर मी आरशात पाहिलं आणि मनात म्हटलं, बरोबर आहे, या काळ्या रंगाला आणि या दातांना कोण हो म्हणणार? बारा वर्षं मी तसं समजून चालले होते. पुढच्या दोन स्थळांना मीच नाही म्हणाले, पुन्हा नकार नको म्हणून. मी काळी म्हणून राहिले नव्हते. मी घरची म्हणून राहिले होते.

मी पेटीत आहे आणि ऐकते आहे, हे दादाला त्या क्षणी आठवत होतं की तो विसरला होता, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, विसरला होता. कधी वाटतं, समोर बसवून जे त्याला कधीच बोलता आलं नसतं, ते बोलायला त्याला मी मेलेली हवी होते.

मी पाठीनं झाकण उचललं. गादीसकट ते मागे कोसळलं, धाडकन. पायाला मुंग्या आलेल्या होत्या, केसात कापूस होता, हातात भाताचं पातेलं. तशीच पायऱ्या उतरले. धुमाळांनी मला पाहिलं आणि त्यांच्या काखेतली टोपी खाली पडली. मी पातेलं जमिनीवर ठेवलं, कट्ट्यावर जाऊन बसले, पत्रावळ मांडीवर घेतली आणि जेवायला लागले.

“आत्या!” मिथिला टाळ्या वाजवत ओरडली. “आत्या आली!”

पिठलं गार झालं होतं. मीठ कमी पडलं होतं. मी सावकाश जेवले. ते माझं पान होतं आणि त्याला कावळा शिवू द्यायचा नाही, एवढं एकच मला कळत होतं.

“साहेब,” धुमाळ शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, भीतीनं की संतापानं ते कळेना. “ह्या कोन?”

दादाच्या तोंडून सवयीनंच निघालं, “ही... ही घरचीच आहे हो.”

“घरची हाय?” धुमाळ म्हणाले. “मग मोजली का न्हाई?”

राजस तेरा वर्षांचा होता, तो उगाच जमिनीकडे बघत राहिला. दादानं खिशात हात घातला आणि दंडाचे पैसे काढायला लागला. घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला किंमत न विचारता पैसे देताना पाहिलं. धुमाळांनी नोटा घेतल्या नाहीत. “मेल्या मान्साचे पैशे मी न्हाई घेत,” असं म्हणून टोपी झटकली आणि ते निघून गेले. त्यांनी तक्रारही कधी केली नसावी.

मी हात धुतले. आत जाऊन चार साड्यांची पिशवी आणि पर्स घेतली. पत्र काढून दादासमोर धरलं. त्यानं ते दोनदा वाचलं. वहिनीनं खांद्यावरून वाचलं आणि पदर तोंडाला लावला.

“आज संध्याकाळी निघाले तरच उद्या पोचेन,” मी म्हणाले.

“कपडे, सामान...”

“आहे.”

“कुंदा, ते चिपळूणचं...”

“आज नको दादा. आज मला जाऊ दे.” आणि मला त्याचा प्रचंड राग आलेला होता हे मी लपवत नाही. तोंड उघडलं असतं तर मी काय काय बोलले असते, देव जाणे. बोलत बसले असते तर गाडीही चुकली असती, आणि मग पुन्हा कुणीतरी म्हणालं असतं, आधी चहा टाक.

“मी सोडतो स्टँडवर,” तो म्हणाला. व्हॅनचं मागचं दार उघडायला मी वळले. माझी जागा मागे, तांदळाच्या पिशवीजवळ. दादानं पुढचं दार उघडून धरलं. “पुढं बस.”

“फाट्यावरच सोड,” मी म्हणाले. “येताना उतरवलंस तिथं.”

भोरकडे जाणारी एसटी अर्ध्या तासानं आली. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघं एका पडक्या कठड्यावर बसलो होतो, अंतर ठेवून. दादानं एकदा पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एकदा माझ्या केसातला कापूस काढला. गाडी आल्यावर त्यानं पिशवी खिडकीतून आत दिली आणि कंडक्टरला एक तिकीट सांगायला लागला. मी म्हटलं, राहू दे, माझं मी काढते.

बेल वाजली. गाडी हलली तसा तो खिडकीबरोबर चालायला लागला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. माफ कर म्हणेल असं वाटलं, आणि म्हणू नये असंही वाटलं.

“कुंदा,” तो धापा टाकत म्हणाला, “तिथं खरवड खाऊ नकोस.”